एकाच दिशेची ठिणगी

वृंदा आहेरच्या टेबलावर येणारे रिले मेलेले असायचे. ते कशाने मेले हे शोधून काढायचं, एवढंच तिचं काम. नाशिकमधल्या सातपूरच्या त्या कंपनीत तिला मागून ‘पोस्टमॉर्टेमवाली’ म्हणत आणि ती ऐकून न ऐकल्यासारखं करी. पण २०४१ च्या ऑगस्टात जो रिले आला तो ठणठणीत होता. रिले म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, माणसाच्या बोटाऐवजी विजेने चालणारं बटण. हुकूम दिला की टक् करून मिटत होता, हुकूम काढला की टक् करून उघडत होता. तिने दोनशे वेळा करून पाहिलं, दोनशे वेळा बरोबर.

सोबत फाइल होती. सुरगाण्याच्या पलीकडे साजूरपाडा नावाचं गाव आणि तिथलं प्राथमिक आरोग्य केंद्र. नवजात बाळांना ऊब देणारी तिथली पेटी कंपनीचीच. जूनमध्ये त्या पेटीत ठेवलेल्या एका दिवसाच्या मुलीचा उजवा पाय भाजला. मुलगी वाचली, पण पायाची तीन बोटं गेली. ड्यूटीवर होत्या सिस्टर कमल गांगुर्डे. नोकरी एकतीस वर्षं, निवृत्तीला चार महिने. त्यांचं म्हणणं, पेटी तापवणारी मोठी कांडी बंदच झाली नाही. पेटीची स्वतःची नोंद सांगत होती, कांडी अकरा बेचाळीसला बंद झाली. चौकशी समितीने नोंदीवर विश्वास ठेवला. सिस्टरनी जुन्या सवयीने बाळाच्या पायाशी गरम पाण्याची पिशवी ठेवली असणार आणि आता त्या यंत्राच्या नावाने खडे फोडतायत, असा निष्कर्ष निघाला. सिस्टर निलंबित झाल्या.

“रिले निर्दोष, असं दोन ओळींत लिहून दे आणि मोकळी हो,” कुलथे म्हणाले. भालचंद्र कुलथे तिचे वरिष्ठ. माणूस वाईट नव्हता. वृंदाच्या बाळंतपणात त्याने तिची जागा आठ महिने राखून ठेवली होती, आणि ते त्याने नंतर कधी बोलूनही दाखवलं नव्हतं.

वृंदाला दोन ओळी लिहिता आल्या असत्या. पण कापून पाहिल्याशिवाय सही करायची नाही ही तिची खोड होती. तिने रिलेचं कवच करवतीने कापलं, आतल्या चांदीच्या दोन टिकल्या सुट्या केल्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या. या टिकल्या एकमेकींना चिकटल्या की वीज वाहते, दूर झाल्या की थांबते. एकीवर बारीक उंचवटा होता. समोरचीला तेवढाच खड्डा.

तिने डोळा बाजूला घेतला, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. उंचवटा खड्ड्यात बरोबर बसत होता. म्हणजे त्या दिवशी टिकल्या एकमेकींत अडकल्या होत्या, आणि साजूरपाड्याहून नाशिकला येईपर्यंतच्या खाचखळग्यांनी त्यांना सोडवलं होतं. सिस्टर खरं बोलत होत्या. आता प्रश्न एवढाच होता की हा उंचवटा आला कुठून, कारण तो येऊच नये अशी व्यवस्था करून ठेवलेली होती.

ती व्यवस्था काय, हे थोडं सांगायला हवं. आपल्या घरातली वीज सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलते. झोपाळा परतताना टोकाला क्षणभर थबकतो, तशी दर वेळी वळताना ती क्षणभर शून्य होते. वीज वाहत असताना टिकल्या उघडल्या तर ठिणगी पडते आणि चांदी जळते. नेमक्या त्या शून्याच्या क्षणी उघडल्या तर काहीच होत नाही. हे शंभर वर्षांपासून सगळ्यांना माहीत होतं, जमत मात्र नव्हतं. कारण रिले हुकूम मिळाल्याबरोबर उघडत नाही. सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातले सहा-सात त्याला लागतात, आणि तेही एका रिलेचे दुसऱ्याला लागू नाहीत. उन्हाळ्यात वेगळे, थंडीत वेगळे, म्हातारपणी आणखी वेगळे. कंपनीच्या शून्यवेध नावाच्या चिपने ते जमवलं. टिकलीला ओढणारी लोखंडी पट्टी दर वेळी केव्हा हलली, हे ती चिप मोजते, आपल्या रिलेचा स्वभाव शिकते आणि तेवढ्या आधी हुकूम सोडते. ठिणगी जवळजवळ नाहीशी झाली.

मग व्हायचं तेच झालं. जगातली चांदी सौर पॅनेलं गिळत होती, भाव गगनाला भिडलेले. ठिणगीच नाही तर जाड टिकली हवी कशाला, असं म्हणून टिकल्या कागदाइतक्या पातळ झाल्या. पंप, गिझर, पिठाची गिरणी, दवाखान्यातल्या पेट्या, सगळीकडे शून्यवेध बसली. तीस वर्षांची हमी छापली गेली. रिले बिघडू शकतो ही गोष्टच लोक विसरले.

‘जवळजवळ’ या शब्दात मात्र मेख होती. शून्य अगदी तंतोतंत कधीच साधत नाही. केसभर अलीकडे-पलीकडे होतंच, आणि तेवढ्यात एक इवलीशी ठिणगी एका टिकलीवरचे चांदीचे चार कण दुसरीवर नेऊन ठेवते. पुढच्या वेळी वीज उलट्या दिशेने वाहत असेल तर ते कण परत येतात. फिटंफाट. पण दर वेळी एकाच दिशेची ठिणगी पडली तर एकीचा डोंगर होतो आणि दुसरीची दरी. म्हणून चिपला सांगितलेलं होतं, एकदा पुढच्या लाटेवर उघड, एकदा मागच्या. ती सूचना नऊ वर्षांपूर्वी लिहिली होती खुद्द वृंदाने, आणि प्रयोगशाळेत पन्नास लाख उघडझापींनंतर टिकल्या आरशासारख्या सपाट निघाल्या होत्या. त्या वेळी कंपनीत पेढे वाटले होते.

तिसऱ्या दिवशी ती साजूरपाड्याला गेली.

सिस्टर केंद्रामागच्या क्वार्टरमध्येच राहत होत्या. जागा सोडा असं अजून कुणी म्हटलं नव्हतं, आणि त्याही निघाल्या नव्हत्या. ठेंगण्या, फटकळ बाई. कंपनीचं नाव ऐकताच त्यांनी दार अर्धवट लोटलं.

“आता काय राहिलंय? पिशवी शोधायला आले का तुम्ही? घ्या, घर झाडून बघा.”

“पिशवी नव्हती, मला माहीत आहे,” वृंदा म्हणाली. “रिले अडकला होता. मी पाहिलाय.”

 सिस्टरनी दार उघडलं आणि कोपऱ्यातली खुर्ची पदराने पुसली. दोन महिन्यांत त्यांच्यावर विश्वास ठेवणारं हे पहिलं माणूस होतं, आणि ते नेमकं कंपनीचं असावं याचा त्यांना रागही आला असणार.

“मंजुळा भोयेची पोर ती. जाई,” त्या म्हणाल्या. “टक् वाजलं म्हणून मी पेटीत ठेवली, तव्हा चांगली होती. तेवढ्यात दुसरी बाई अडली, मी एकटी. तिकडं बाळाचं डोकं दिसू राहिलं होतं, अन् इकडं पेटीचा गजर झाला. दोन मिनिटं लागली मला यायला. आल्या आल्या पेटीचं बटण दाबलं, तर कांडी लालच! मग भिंतीवरचं खटकन बंद केलं. दोन मिनिटं, मॅडम. ती मंजुळा आता रस्त्यात मला बघून तोंड फिरवती. तिच्या सासूची बाळंतपणं मी केली, नणंदेची केली. कमिटीचं मला काही वाटत नाही. कमिटी येते, चहा पिते, जाते. पण ती बाई मला खोटी म्हणू राहिली.”

“तुम्ही पेटी कशी वापरता ते मला दाखवाल?”

केंद्रावरच्या डॉक्टरांनी हरकत घेतली नाही. नवी पेटी आली होती, तीही याच कंपनीची. सिस्टरनी टॉवेल गुंडाळून त्याचं बाळ केलं आणि हात स्वच्छ धुतले, टॉवेलसाठीसुद्धा. भिंतीवरचं बटण चालू. मोठी कांडी दहा मिनिटं लाल, गादी तापली की टक्, मोठी बंद, छोटी चालू. मग अर्धा तास बाळ आत. मग टॉवेल बाहेर, पेटीचं बटण बंद, गादी पुसली, कापड पिळून दोरीवर टाकलं. शेवटी भिंतीवरचं बटण बंद.

“हे शेवटचं दर वेळी करता?” वृंदाने विचारलं.

“कोणतं?”

“भिंतीवरचं बटण.”

“मग काय तसंच सोडू? सरकारची झाली म्हणून वीज फुकट आहे का? वर बघा ना.” भिंतीवर निळ्या अक्षरांत पाटी होती: काम झाल्यावर बटण बंद करावे. “माझ्या हाताखाली सतरा पोरी तयार झाल्या. एकीला विचारा. बटण बंद केल्याबिगर खोलीबाहेर पाय टाकायचा नाही.”

वृंदाने कपाळाला हात लावला आणि स्टुलावर बसली.

मागची उघडझाप कोणत्या लाटेवर झाली हे चिप लक्षात ठेवत होती ते तात्पुरत्या स्मरणात. कायमच्या स्मरणात दर वेळी लिहिलं तर ते स्मरण झिजतं, म्हणून तिने ती काटकसर केली होती. तेव्हा तिला तिचा अभिमानही वाटला होता. वीज गेली की तात्पुरतं स्मरण पुसलं जातं आणि चिप पुन्हा पहिल्यापासून सुरू करते, पुढच्या लाटेपासून. प्रयोगशाळेत वीज जात नाही, आणि बटण बंद करणारी माणसंही तिथे नसतात. इथे मोठी कांडी एका बाळाला एकदाच बंद व्हायची आणि अर्ध्या तासाने सिस्टर वीज तोडायच्या. चिपच्या दृष्टीने प्रत्येक बाळ पहिलंच होतं. तीन वर्षं, अठराशे बाळं आणि अठराशे ठिणग्या, सगळ्या एकाच दिशेच्या. एखादी आळशी नर्स असती, बटण तसंच ठेवून घरी जाणारी, तर तिची पेटी तीस वर्षं चालली असती.

आणि नोंद? चिपला टिकल्या दिसतच नाहीत. पट्टी हलली की तिने ‘बंद झाली’ असं लिहून टाकलं होतं. पट्टी हललीच होती, टिकली मात्र जागची हलली नव्हती.

वृंदाने सिस्टरना हे सगळं तिथेच सांगितलं नाही. “मी परत येईन,” एवढंच म्हणाली. खातरी करायची आहे अशी तिने स्वतःची समजूत घातली. खरं तर तिची जीभ रेटत नव्हती.

नाशिकला तिने नवा रिले मांडला, कांड्यांऐवजी तेवढ्याच विजेचे दिवे लावले आणि सिस्टर करत तेच यंत्राकडून करून घेतलं: चालू, टक्, मग वीज तोड. चौथ्या दिवशी सकाळी एक हजार नऊशे सहाव्या वेळेला टक् झालं आणि दिवे विझले नाहीत. नोंदीत वेळ पडली होती, बंद झाल्याची. वृंदा त्या पेटलेल्या दिव्यांकडे बघत उभी राहिली. जाईच्या पायाची तीन बोटं आपण घेतली, हे तिला त्या क्षणी पहिल्यांदा नीट कळलं.

कुलथेंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग केबिनचं दार लावलं.

“राज्यात अशा पेट्या किती?”

“अकराशे चाळीस. गिझर आणि पंप वेगळे. तिथे रिले अडकला तर पाणी उकळेल, मोटार जळेल. पेटीत बाळ असतं.”

“बरं. ऐक. मी सुचवतो ते कर. लिही की या एका रिलेच्या टिकलीत दोष होता. कंपनीची चूक, सिस्टर निर्दोष. आठ दिवसांत बाई कामावर, मानाने निवृत्त. पेट्यांचं आपण गुपचूप बघू. वर्षभरात देखभालीच्या नावाखाली चिपा बदलू.”

“वर्षभर त्या तशाच चालणार?”

“आणि तू खरं लिहिलंस तर?” कुलथे तिच्याकडे न बघता म्हणाले. “नवी समिती बसेल, दिल्लीहून तज्ज्ञ येतील, सहा-आठ महिने कुणीच सही करणार नाही. बाईंची निवृत्ती नोव्हेंबरात. निलंबित म्हणूनच घरी जातील. तू त्यांच्यासाठीच धावतेयस ना? आणि चिपच्या त्या सूचनेखाली कुणाचं नाव आहे ते मी तुला सांगायला नको. मी तुझ्या भल्याचंच सांगतोय.”

तिढा असा होता की ते खरंच तिच्या भल्याचं सांगत होते, सिस्टरच्याही. वाईट माणसाला नाही म्हणणं सोपं असतं. वृंदा दोन दिवस धड जेवली नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा साजूरपाड्याच्या रस्त्याला लागली, आणि या वेळी तिने सिस्टरना काहीही लपवून ठेवलं नाही. चिपची सूचना कुणाची, चूक काय, कुलथे काय म्हणाले, दोन्ही वाटांनी काय होईल, सगळं सांगितलं.

सिस्टर तांदूळ निवडत होत्या. त्यांचे हात थांबले नाहीत.

“म्हणजे तुम्हीच होय त्या,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“अन् आता मला विचारायला आले का मी नोकरी राखू का घालवू?”

“तुमच्या आयुष्याचा प्रश्न आहे म्हणून...”

“तसं नाही मॅडम.” सिस्टरनी सूप खाली ठेवलं. “मी ‘खरं लिहा’ म्हटलं का तुम्ही सुटल्या. माझी निवृत्ती गेली तर म्हणाल, बाईनीच सांगितलं. मी ‘नका लिहू’ म्हटलं, तरी सुटल्याच. उद्या दुसरं लेकरू भाजलं, तर बाईनीच सांगितलं. अडलेली बाई टेबलावर असती तव्हा मी कोणाला विचारायला जाती का? जे करायचं ते करती अन् मग तोंड देती. तुमचं काम तुम्ही करा. मला काही विचारू नका.”

 वृंदा उठली.

“एक ऐका,” सिस्टर मागून म्हणाल्या. “कागदावर काय लिहायचं ते लिहा. पण मंजुळाला कागद वाचता येत नाही.”

वृंदाने त्याच आठवड्यात खरं लिहिलं. अकरा पानं, शेवटी स्वतःचं नाव, आणि एक ओळ ठळक अक्षरांत: चिप बदलेपर्यंत पेटीचं भिंतीवरचं बटण कोणीही बंद करू नये. अहवाल तिने कंपनीला आणि आरोग्य खात्याला एकाच वेळी पाठवला, म्हणजे मध्येच कुणाच्या टेबलावर तो झोपायला नको. कुलथेंनी तिच्याशी बोलणं सोडलं. त्याचं तिला वाईट वाटलं, अपेक्षेपेक्षा जास्तच. बाकी सगळं त्यांनी सांगितलं होतं तसंच घडलं. समिती बसली, तज्ज्ञ आले, तिचा प्रयोग तीन ठिकाणी तिघांनी करून पाहिला आणि तिन्ही ठिकाणी दिवे पेटते राहिले. वृंदाला प्रयोगशाळेतून काढून चिपा बदलणाऱ्या तुकडीत टाकलं. शिक्षा म्हणून टाकलं, पण तिने ती मागून घेतली असती. आरोग्य केंद्रांत परिपत्रक गेलं, आणि परिपत्रकाला न जुमानता शेकडो सिस्टर बटण बंद करतच राहिल्या. एकतीस वर्षांची चांगली सवय कागदाने सुटत नाही. आणखी दोन पेट्या अडकल्या. नशिबाने दोन्ही वेळा आत बाळ नव्हतं.

नोव्हेंबरात कमल गांगुर्डे निवृत्त झाल्या, निलंबित म्हणूनच. ना नारळ, ना शाल, ना निरोपाचं भाषण. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते याहून वेगळं नसावं. फरक इतकाच की इथे चोराने आपण होऊन नाव सांगितलं होतं आणि तरी फाशी टळली नव्हती. एप्रिलमध्ये समितीचा निकाल आला. श्रीमती गांगुर्डे यांचा कोणताही दोष आढळत नाही, सबब निलंबन मागे घेण्यात येत आहे. तोपर्यंत मागे घ्यायला नोकरीच उरली नव्हती.

मे महिन्यात साजूरपाड्याच्या पेटीची पाळी आली. वृंदाने चिप बदलली, तपासली, वहीत सही केली. बाहेर आली तर पायरीवर सिस्टर बसल्या होत्या. आता त्या गावातच भाड्याच्या खोलीत राहत होत्या. निकालाचा कागद त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणला होता.

“झालं काम?”

“झालं.”

“नाही झालं. चला.”

भोयेंचं घर टेकडीच्या पोटाशी होतं, चालत वीस मिनिटं.  वाटेत वृंदाने मनात वाक्यं जुळवून पाहिली. चिप, लाट, स्मरण, एकही कामाचं नव्हतं. अंगणात मंजुळा वाळवण पालथं करत होती. विशीबाविशीची, काटक पोर. ओट्याच्या कडेला धरून अकरा महिन्यांची जाई उभी होती, डाव्या पायावर भार टाकून. सिस्टर दिसल्या तरी मंजुळाने वाळवणावरून मान वर केली नाही.

“मंजुळा,” सिस्टर म्हणाल्या, “मी काही बोलत नाही. ही बाई काय सांगते ते ऐक.”

मंजुळा सावकाश उठून उभी राहिली. सिस्टर दोन पावलं मागे सरल्या आणि वृंदा एकटी पुढे राहिली.

“ती पेटी आमच्या कंपनीची,” वृंदा म्हणाली.  “पेटीतल्या एका भागाचं काम मी केलं होतं. ते चुकलं होतं. पेटी बंद व्हायला हवी होती, ती झाली नाही. सिस्टरनी पिशवी ठेवली नव्हती. त्या झोपल्या नव्हत्या, कुठे गेल्याही नव्हत्या, दुसऱ्या बाळंतिणीपाशी होत्या. त्यांनी सगळं बरोबर केलं. जाईचा पाय माझ्यामुळे भाजला.”

 मंजुळा रडली नाही, ओरडलीही नाही. वृंदाला वाटलं, हिने एक थोबाडीत दिली तर बरं होईल.

“तुमच्यामुळं?” मंजुळाने विचारलं.

“माझ्यामुळे.”

जाई ओटा धरून दोन पावलं चालली आणि पडली. मंजुळाने तिला उचललं, गुडघ्याची माती झटकली आणि कडेवर घेतली. मग ती वृंदाच्या अंगावरून पुढे गेली आणि सिस्टरसमोर उभी राहिली.  तिने जाईला सिस्टरच्या हातात दिलं.

“सिस्टर, तुम्ही आत या,” ती म्हणाली. “चहा ठेवते.”

त्या दोघी आत गेल्या. वृंदाला कुणी आत बोलावलं नाही. आतून भांड्यांचा आवाज आला, मग सिस्टरचं रडणं ऐकू आलं, आणि वृंदा वाळवणापाशी उन्हात उभी राहून त्यांची वाट बघत राहिली.